वाऱ्याची वाटणी

दिवाळीच्या पहाटे चार वाजता उठणारा माणूस घरात सर्वांनाच आवडतो. उटणे, मोती साबण, पाटाभोवतीची रांगोळी, बाहेर लवंगी फटाक्यांची माळ. सारे कसे शास्त्राला धरून असते. परंतु हाच माणूस भाऊबीज उरकल्यावरही दर रविवारी अंधारातच उठू लागला आणि दबक्या पावलांनी सायकल जिन्यावरून खाली नेऊ लागला, की घरात कुजबुज सुरू होते. "काहून रे बाबू, हापिसात तर इतक्या लवकर जात नाहीस!" हा प्रश्न यवतमाळच्या एखाद्या घरातून ऐकू आला, तर खुशाल समजावे की त्या घरात एक हौशी सायकलपटू आहे आणि शर्यतीचा हंगाम जवळ आला आहे.

आपल्याकडे हा हंगाम थंडीचाच. विदर्भातल्या उन्हाळ्यात सायकल हाणायची म्हणजे भट्टीत शिरून व्यायाम करण्यासारखे आहे. पावसाळ्यात रस्ता कोणता आणि खड्डा कोणता हे कळत नाही. तेव्हा दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंतचे काय ते दिवस. शर्यतीत उतरायचे ठरवलेला माणूस त्याच्या आधी दोन-तीन महिने तयारीला लागतो, आणि त्या तयारीतला सर्वांत झोंबणारा, सर्वांत गोड आणि घरच्यांना सर्वांत न समजणारा भाग म्हणजे रविवारची जलद सामुदायिक फेरी. आठ-दहा जण एका ओळीत, चाकाला चाक लावून, दम तुटेपर्यंत सायकली पळवतात. एवढे करून कोणालाही बक्षीस नाही, पगार नाही, आणि परतल्यावर चहा गार झालेला. हे कशासाठी, असे विचारणाऱ्या माउलीचे काही चुकत नाही. पण उत्तरही ऐकण्यासारखे आहे.

उत्तराचे नाव वारा.

आपण बाजारातून भाजी घेऊन सायकलीवर सावकाश येतो, तेव्हा वारा ही चीज आपल्या लक्षातही येत नाही. सायकलीचा वेग वाढला की गणित बदलते. वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि तो विरोध मोडून दुप्पट वेगाने जायचे तर पायांना त्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जाणारा स्वार आपली बहुतेक ताकद रस्त्यावर नव्हे, हवेवर खर्च करीत असतो. आता त्याच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, दुसऱ्याने आपले पुढचे चाक ठेवले तर? पहिल्याने फोडलेल्या हवेच्या आडोशाला तो दुसरा तेवढाच वेग कितीतरी कमी श्रमात गाठतो. वेग आणि अंतर यांप्रमाणे ही बचत एकपंचमांशापासून एकतृतीयांशापर्यंत जाते. मोठ्या घोळक्यात तर विचारू नका. २०१८ साली नेदरलँड्समधील आइंडहोवनचे प्राध्यापक बर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१ स्वारांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मधल्या व मागच्या काही जागी हवेचा विरोध एकट्या स्वाराच्या अवघा पाच ते दहा टक्के इतकाच निघाला. म्हणजे लग्नाच्या पंगतीत मधे बसलेल्या पाहुण्यासारखे. वाढप्याकडे न बघता पान भरलेले!

ही आडोशाची करामत लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अमेरिकेत चार्ल्स मर्फी नावाच्या गृहस्थाने ३० जून १८९९ रोजी लाँग आयलंडच्या रेल्वेमार्गावर रुळांच्या मधे फळ्या अंथरून घेतल्या आणि धावत्या आगगाडीच्या शेवटच्या डब्यामागे सायकल चालवून एक मैल ५७.८ सेकंदांत तोडला. २०१८ मध्ये डेनिस म्युलर-कोरेनेक या महिलेने युटातील मिठाच्या मैदानावर एका शर्यती मोटारीच्या आडोशाने ताशी २९६ किलोमीटरचा वेग गाठला. यवतमाळकरांनी मात्र हा प्रयोग आपल्या शकुंतला गाडीमागे करून पाहण्यात अर्थ नव्हता. ती नॅरोगेज माउली मूर्तिजापूरकडे धावत होती त्या काळात सायकलवाल्यानेच पुढे होऊन तिला आडोसा द्यावा, अशी तिची चाल होती.

असो. आगगाडी नाही, मोटार नाही, तेव्हा हौशी सायकलपटूंनी एकमेकांनाच आडोसा द्यायचा, हा सामुदायिक फेरीचा पाया आहे. आणि आडोसा फुकट मिळत नाही. ज्याने घेतला त्याने पाळी आल्यावर पुढे जाऊन द्यायचाही असतो.

समजा, यवतमाळहून नागपूर रस्त्याने आठ जण कळंबकडे निघाले आहेत. अंतर वीस-बावीस किलोमीटरचे. एक बँकेत आहे, एक शाळेत शिक्षक, एक डॉक्टर, एकाचे विजेच्या सामानाचे दुकान, दोघे-तिघे कॉलेजातले, त्यांत एक मुलगी. उजाडले आहे. शेतांत कापूस फुटला आहे आणि त्यावर दव आहे. पहिली काही मिनिटे गप्पा चालतात. कोणाच्या घरच्या करंज्या खुसखुशीत झाल्या, कोणाच्या चकल्या वातड, यांवर मतभेद होतात. मग वेग हळूहळू चढतो आणि गप्पा आपोआप बंद पडतात. बोलायला श्वासच उरत नाही. आता ऐकू येतो तो साखळ्यांचा सुर्र आवाज आणि पुढच्याची आरोळी: "खड्डा!" "गाडी!" "गतिरोधक!"

पुढचा स्वार अर्धा-एक मिनिट वारा अंगावर घेतो, मग किंचित बाजूला होऊन मागे सरकतो आणि ओळीच्या शेपटाला लागतो. दुसऱ्याने आता पुढे यायचे, पण उसळी मारून नव्हे. आधीचा वेग होता तोच ठेवायचा. नवखा माणूस इथे हमखास फसतो. आपली पाळी आली की त्याला वाटते, आता दाखवतोच! तो जोर लावतो, ओळ ताणली जाते, मागचे तुटू लागतात आणि दोन मिनिटांनी हा शूर वीर स्वतःच धापा टाकत मागे येतो. जाणती माणसे त्याला रागावत नाहीत, हसतात. ओळीचा पहिला धडा असा की, पुढे असताना आपण किती जोरदार आहोत हे दाखवायचे नसते. मागच्यांना घेऊन जायचे असते.

दुसरा धडा विश्वासाचा. हातभर अंतरावरून जाताना मागच्याला रस्ता दिसतच नाही. त्याला दिसते ती पुढच्याची पाठ. खड्डा पाहायचा तो पुढच्याने. मागच्याने त्याच्या बोटावर आणि आवाजावर विश्वास ठेवायचा. म्हणून पुढच्याने एकदम ब्रेक दाबणे, चढावर न सांगता झटक्याने उभे राहणे किंवा रस्त्यात कुत्रे आले म्हणून वेडावाकडा कट मारणे हा मोठा अपराध. आणि मागच्याने आपले पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी घुसवणे हा त्याहून मोठा. कारण दोन चाके घासली तर पुढच्याचे सहसा काही बिघडत नाही. पडतो तो मागचा, आणि त्याच्यामागून येणारे त्याच्यावर.

गंमत अशी की, मागच्याला मिळणारा फायदा हा निव्वळ पुढच्याचा तोटा नसतो. मागे कोणी चिकटून असले की पुढच्याच्या पाठीमागे घुटमळणारी हवाही थोडी शांत होते आणि त्याचेही ओझे किंचित, अगदी दोन-तीन टक्के का होईना, हलके होते. संसाराचे सारे तत्त्वज्ञान या दोन-तीन टक्क्यांत आहे, असे मला वाटते. घरातल्या ज्या माणसाला आपण 'नुसता मागे बसून असतो' म्हणतो, त्याच्या नुसत्या असण्यानेही पुढच्याचे ओढणे थोडे सोपे झालेले असते.

कळंबला चिंतामणीचे देऊळ आहे. जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जावे लागते. दमलेल्या पायांनी त्या पायऱ्या उतरणे आणि चढणे ही त्या दिवसाची जास्तीची कसरत. दर्शन, पाण्याचे दोन घोट, एक केळे, आणि परत. खरी परीक्षा परतीची. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर वसलेले आहे आणि वर्धा नदीच्या अंगाचा मुलूख त्याच्या पुष्कळ खाली. म्हणजे जाताना उतार, येताना चढ. चढावर वेग उतरतो, आणि वेग उतरला की आडोशाचा फायदाही उतरतो. सपाटीवर पुढच्याने वाहिलेला भार इथे ज्याचा त्याने वाहायचा. ओळ इथेच तुटते. कॉलेजातला एखादा मुलगा, जो सपाटीवर मजेत होता, तो एक हात मागे पडतो, मग दोन हात, मग दहा. अंतर वाढेल तसा आडोसा विरळ होत जातो. चढ संपून पुन्हा सपाटी लागते, पुढचे सात जण मिळून वारा वाटून घेतात आणि हा एकटा सगळा वारा खातो. एका सायकलच्या अंतराचे दोन मिनिटांत एका फर्लांगाचे अंतर होते. सायकलपटूंना जे दुःख ठाऊक आहे ते हेच: अंतर पडते क्षणात, आणि भरून निघत नाही.

आता प्रश्न असा की, पुढच्यांनी थांबायचे की नाही?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. यावर मैत्री तुटते, गट फुटतात. बँकेतल्या तरुणाचे म्हणणे रास्त आहे. त्याला जानेवारीत शर्यत आहे, आठवड्यात हा एकच दिवस मोकळा मिळतो. त्याला अंग मोडेपर्यंत चालवायचे आहे. चहाच्या टपरीवर तो शिक्षकांना म्हणतो, "सर, शर्यतीत कोणी थांबतं का कोणासाठी?"

"नाही थांबत," सर म्हणतात. "तिथं तूही थांबू नकोस. पण ही शर्यत नाही. आणि शर्यतीतसुद्धा तुला कोणाचं तरी चाक लागणारच आहे. ते देणारा माणूस रविवारीच तयार करावा लागतो."

"मग माझा सराव?"

"पुलापासून वरच्या मैलाच्या दगडापर्यंत हवं तितकं पळ. मागं वळून पाहू नको. दगडाशी थांब. सगळे आले की निघू."

एवढेच. जगभरच्या जुन्या सायकलमंडळांनी हीच तडजोड कधी ना कधी काढली आहे. रस्त्याचे दोन-तीन टप्पे ठरवायचे. त्यांवर ज्याने त्याने आपले पाय आजमावायचे. टप्प्याच्या शेवटी सर्वांनी एकत्र यायचे. जोरदाराला जोर काढायला मिळतो, कमजोराला घरी एकटे यावे लागत नाही. आणि ज्याला पाळी घेण्याइतका दम नाही त्याने शेपटाशीच राहून पुढच्याला हाताने खुणावायचे: तू जा, मी नाही. त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो सबंध वाट दुसऱ्याच्या पाठीमागे बसून शेवटच्या शंभर हातांत पुढे उडी मारण्यात. नियमांना ते मंजूर आहे, सोबत्यांना नाही.

जलद फेरीचे वेड लागलेल्यांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही फेरी औषधासारखी आहे; नेमक्या मात्रेत गुण देते. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. अंगात ताकद येते ती दमताना नव्हे, दमल्यानंतर विसावताना. सहनशक्तीच्या खेळांतले जगभरचे नामवंत खेळाडू आपल्या सरावाचा सुमारे चारपंचमांश भाग सावकाश, शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने करतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. आपला हौशी गडी नेमके उलटे करतो. सोमवारी रविवारचा शीण असतो, तरी मंगळवारी शेजारच्या आळीतल्या स्पर्धकाला पाहून पुन्हा पेटतो. शनिवारी पाय शिशाचे होतात. आणि शर्यतीच्या दिवशी, जेव्हा खरोखर लागते तेव्हा, खजिना रिकामा. दर रविवारी जिंकणारा माणूस मोसमातला तो एकच रविवार हरतो, याचे कारण हेच. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात तर सराव निम्म्यावर आणावा, थोड्या चपळ धावा तेवढ्या ठेवाव्या, आणि झोपावे. झोपेइतके स्वस्त टॉनिक बाजारात नाही.

खाण्याचेही तसेच. जोराने चालवताना दीड-दोन तासांत अंगातली साठवलेली साखर संपत येते आणि मग डोळ्यांपुढे काजवे चमकतात. म्हणून लांबच्या फेरीत तासाला दोन केळी किंवा तेवढ्याच ताकदीची चिक्की, खजूर, गूळपोळी. आणि मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत. विलायती पुड्या मिळतात, पण आपल्या डब्यांत त्यांची बरीचशी भावंडे आधीच हजर आहेत.

हे सारे वाचून एखादी आई म्हणेल, "पण पुढे काय? यातून कोणाचे भले झाले आहे?" पैशाच्या अर्थाने फारसे कोणाचे नाही. पण हौशी माणसांनी काय करून दाखवले ते पाहावे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे सायकलपटू प्रथमच उतरले. रुसी मुल्ला फिरोज, जहांगू अमीन, रोहिंटन नोबल, आदी हवेवाला ही पारशी नावे त्यांत होती. मुंबई–पुणे शर्यतीने तर कित्येक पिढ्यांना वेड लावले. खोपोलीवरून बोरघाट चढून जो पहिला वर पोचेल त्याला 'घाटाचा राजा' हा किताब. राज्य नाही, तनखा नाही, तरी तो मुकुट मिळावा म्हणून गावोगावचे तरुण घाम गाळीत आले. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या दोघा भावांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पुरी केली. २०१७ मध्ये तीच शर्यत लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्याने, बारा दिवसांच्या आत पार केली. एकट्याच्या त्या शर्यतीत कोणाच्या आडोशाला जायची परवानगी नसते; सगळा वारा स्वतःचाच. तरीही पाठीमागे मोटारीतून माणसे असतात, खायला देणारी, वाट दाखवणारी, जागे ठेवणारी. पूर्ण एकटा असा सायकलपटू मुळी असतच नाही.

आता काळजीचे बोलू, कारण घरच्यांचा खरा प्रश्न तोच असतो. नागपूर–तुळजापूर हा महामार्ग आहे. त्यावर ट्रक आहेत, बाजार समितीकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या आहेत, मागे दिवा नसलेल्या बैलगाड्या आहेत, ट्रॅक्टरच्या चाकांतून पडलेली काळ्या मातीची ढेकळे आहेत, आणि पिकातून एकदम रस्त्यावर येणारा रोही आहे. रोह्याला सायकलशर्यतीचे नियम माहीत नसतात. आडव्या वाऱ्यात स्वारांना तिरकी रांग धरावीशी वाटते, कारण तेव्हा आडोसा तिरका पडतो. पण तिरक्या रांगेने सबंध रस्ता अडतो. ती बंद केलेल्या रस्त्यावरच्या शर्यतीत शोभते, रहदारीत नाही. तेव्हा घरच्यांनी 'जाऊ नको' म्हणण्यापेक्षा तीन वचने मागावीत. उजाडल्याशिवाय ओळ धरणार नाही. डोक्यावर हेल्मेट आणि सायकलीमागे लाल दिवा असल्याशिवाय फाटकाबाहेर पडणार नाही. आणि कोणालाही एकटे मागे टाकून येणार नाही. यांतले तिसरे वचन सर्वांत महत्त्वाचे. ते प्रत्येक घराने मागितले तर प्रत्येकाचे मूल सुरक्षित राहते. कारण तुमच्या मुलाने ज्याच्यासाठी थांबायचे तोही कोणाचा तरी मुलगा आहे, आणि कधीतरी मागे पडणारा तुमचाच असणार आहे.

मुलींच्या बाबतीत तर ओळ हीच मोठी सोय आहे. एकटीने पहाटे महामार्गावर जायला कोणतेही घर कचरेल. आठ ओळखीच्या माणसांत, त्यांतला एक शाळेतला सर आणि एक डॉक्टर असताना, कचरण्याचे कारण उरत नाही. आडोसा केवळ वाऱ्यापासूनचा नसतो.

सायकलपटूंनीही बदल्यात काही द्यावे. रविवारची सकाळ ही घरातल्या सर्वांची मिळून एक असते. ती एकट्याने उधळून, नऊ वाजता येऊन, पाय वर करून "चहा!" अशी हाक मारणाऱ्याने ओळीत काहीच शिकले नाही असे समजावे. रस्त्यावर पाळी घेणाऱ्याने घरातही पाळी घ्यावी. आल्यावर आपले कपडे आपण धुवावेत, मंडईची पिशवी उचलावी, आणि वर्षभर पुढे राहून घरासाठी वारा अंगावर घेणाऱ्या माणसाला म्हणावे, "आता तू जरा मागे हो. मी आहे पुढे."

यंदाच्या दिवाळीत फराळाचे ताट पुढे आले, की सायकलपटूने वजनाचा हिशेब करीत बसू नये. एक करंजी खाल्ल्याने घाट उंच होत नाही. मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे निघताना चार करंज्या जास्त बांधून घ्याव्यात. मैलाच्या दगडाशी सगळे येईपर्यंत थांबायचे आहे; तेवढ्या वेळात त्या वाटून संपतील.